तेरवी बँड आणि आदिनाथचं सुख

आदिनाथ घोळवेचं मे महिन्यात लग्न झालं आणि जुलै उजाडेपर्यंत तो पार सुखी होऊन गेला. घरच्यांनी ह्याचसाठी तर चार वर्षं पोरी बघितल्या होत्या. त्याची आई मंगलबाई नांदूरघाटात भेटेल त्याला सांगायची, "आमचा आदी आता दोन भाकरी जास्त खातो." केजच्या तन्वीर बागवानला मात्र त्या दोन भाकरींनी घोर लावला. कारण आदिनाथ 'तेरवी' नावाच्या बँडमध्ये गाणी लिहायचा आणि गायचा, आणि ती झाडून सगळी गाणी मरणाची होती.

तन्वीर त्या बँडचा ड्रमवाला. बाकीच्या वेळात तो बापाबरोबर बस स्टँडसमोर फळं विकायचा. बापाचं नाव खाजामियाँ. दुकानामागं केळी पिकवायची एक जाड भिंतींची बंद खोली होती, तिथंच बँडची तालीम चालायची. ड्रमच्या दणक्यानं केळीवर काळे ठिपके लवकर पडतात अशी खाजामियाँची पक्की खात्री होती. "तुमारा गाना सुनको केला भी बुड्ढा हो जाता," असं ते रोज एकदा म्हणायचे आणि मग स्वतःच दार लावून घ्यायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये.

बँड निघाला त्याला नऊ वर्षं झाली होती. अंबाजोगाईला शिकत असताना होस्टेलच्या एका खोलीत तिघं राहायचे: तन्वीर, आदिनाथ आणि बिभीषण. बिभीषणनं कुठून तरी एक पेन ड्राइव्ह आणला. त्यात अमेरिकेतल्या पोरांची गाणी होती. गिटार सुसाट, ड्रम त्याहून सुसाट, आणि चाल अशी की वरातीत नाचावं. तन्वीरला शब्द कळेनात. आदिनाथनं इंग्रजी घेतलं होतं, तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, "ह्याचं म्हणणं हाय, पोरगी सोडून गेली, बाप बोलत न्हाई, गावात जीव घुसमटायलाय, आता मरावं वाटायलंय."

"मग एवढ्या उड्या कावून मारायलाय बे?" तन्वीरनं विचारलं.

"तेच तर हाय त्यात," आदिनाथ म्हणाला.

ह्या संगीताला पॉप पंक म्हणतात, हे त्यांना नंतर कळलं. चाल लग्नाची आणि शब्द मयताचे, एवढं मात्र त्याच दिवशी कळलं. त्या आठवड्यात बिभीषणच्या आजोबांची तेरवी होती. तिघं जेवायला गेले. पंगतीत माणसं हसत होती, बुंदीचा आग्रह चालला होता, दोन पोरं मांडवाच्या दोरीला लोंबकळत होती. आदिनाथ बुंदी खाता खाता थांबला आणि म्हणाला, "बँडचं नाव सापडलं."

त्या नावानं पुढं लई घोळ केले. पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर केजात लावलं: 'तेरवी. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता.' साठ माणसं आली, त्यातली चाळीस टोपी-उपरणं घालून. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तन्वीरला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मयत कोन, बाळा?" दुसऱ्या वर्षी धर्मापुरीहून फोन आला. कुणीतरी नंबर दिलता, भजनी मंडळ समजून. बँड ड्रमसकट टेम्पोतून तिथं पोचला तेव्हा खरोखरची तेरवी चालू होती. आता आलोच आहोत तर, म्हणून त्यांनी आदिनाथचं गाणं म्हटलं:

चितेला माझ्या काडी लावा,
सेल्फी काढा, स्टेटस ठेवा!

गेलेल्या माणसाच्या भावाला रडू कोसळलं. त्यानं ते गाणं आणखी दोनदा म्हणायला लावलं आणि जाताना प्रत्येकाला बुंदीचा डबा दिला.

माणसं मात्र बँडमध्ये टिकत नव्हती. बेस गिटार वाजवणारा बिभीषण तिसऱ्या वर्षी पोलीस भरतीत लागला आणि गडचिरोलीला गेला. त्याच्या जागी आलेल्या पोराला शिक्षकाची नोकरी मिळाली. संस्थाचालकांनी त्याचा एक व्हिडिओ बघितला आणि दुसरा निघणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं. त्याच्यानंतरचा पोरगा गेला तो बेस गिटार घेऊनच गेला. तेव्हापासून बँडला बेस नव्हता. गिटारवर होता रामेश्वर चाटे. बोटं सोन्याची, पण तो सुंदरराव मुकादमांचा मुलगा. दसरा झाला की बाप ऊसतोडीची टोळी घेऊन पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर निघायचा आणि ट्रॅक्टर चालवायला रामेश्वर लागायचाच. तो परत यायचा होळीला. तोवर तेरवी बंद.

राहिला आदिनाथ, आणि आदिनाथ म्हणजेच तेरवी, असं तन्वीरला वाटायचं. काय दुःखी माणूस होता तो! परळीच्या एका पोरीनं त्याला नाही म्हटलं होतं, दोन परीक्षा हुकल्या होत्या, बाप शब्दाशब्दाला तोडून बोलायचा आणि अक्कलदाढ तिरपी येत होती. केळीच्या क्रेटवर तो आडवा पडायचा, छताकडं बघत राहायचा आणि तासाभरात मरणाचं गाणं तयार. 'माझ्या तेरवीला बुंदी कमी पडली' हे गाणं यूट्यूबवर साठ हजार लोकांनी बघितलं. ते बघूनच जूनमध्ये पुण्याहून एका आयोजकाचा फोन आला. डिसेंबरात मोठा कार्यक्रम आहे, महाराष्ट्रभरातले बँड येणार आहेत, बक्षीसही आहे, सप्टेंबरअखेर दोन नवीन गाण्यांचं लोकांसमोरचं रेकॉर्डिंग पाठवा. "आणि तो अंधार आहे ना तुमच्या शब्दांमध्ये," आयोजक म्हणाले, "तो तेवढा जपा."

तन्वीरनं फोन ठेवला आणि त्याच्या डोळ्यांसमोर आदिनाथचे फुगलेले गाल आले.

आदिनाथची बायको मनिषा चकलांब्याची. बी.ए. झालेली, ठेंगणी, आणि हसण्यात एक नंबर. ती स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही हसली होती, कारण भटजींना शिंक आवरत नव्हती. आदिनाथची दाढ तिनंच त्याला दवाखान्यात नेऊन काढून आणली. त्याच्या बापाला तिनं असं काही बोलतं केलं की म्हातारा सकाळी उठून आधी मुलाला हाक मारायला लागला.

जुलैत आदिनाथ नवं गाणं घेऊन तालमीला आला. डोळे मिटून त्यानं सुरू केलं:

सकाळी सकाळी चुलीचा वास,
तुझ्या बांगड्यांत माझा श्वास...

रामेश्वरनं गिटार थांबवली. "शेवटच्या कडव्यात मरतो का ह्यो?"

"न्हाई."

"आजारी तरी पडतो?"

आदिनाथनं विचार केला. "सर्दी होती त्याला. पण ती काढा करून देती."

तन्वीरनं काड्या खाली ठेवल्या. त्या दिवशी तालीम झाली नाही. आदिनाथ घरी जेवायला लवकर जायचं म्हणून निघून गेला, आणि मागं क्रेटवर बसून दोघांनी ठरवलं की आदिनाथला काहीही करून दुःखी करायचं. मैत्रीत असं करू नये, हे तन्वीरला कळत होतं. पण नऊ वर्षं त्यानं ज्या ड्रमसाठी बापाच्या शिव्या खाल्ल्या, त्याचं पुण्यात एकदा तरी सोनं व्हावं असं त्याला वाटत होतं. शिवाय माणूस थोडाच कायमचा दुःखी करायचा होता? दोन गाण्यांपुरता.

पहिला उपाय तन्वीरनं काढला. दुकानासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, मला गिऱ्हाईक सोडता येत न्हाई, तू तहसीलला जाऊन येतोस का, असं त्यानं आदिनाथला विचारलं. ह्या कामात तन्वीर स्वतः एकदा इतका खचला होता की आठ दिवस कुणाशी बोलला नव्हता. आदिनाथ गेला. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी साहेब बैठकीला. तिसऱ्या दिवशी दुपारी आदिनाथ दाखला हातात नाचवत दुकानात आला. "तिथला क्लार्क चकलांब्याचा निघाला की बे! मनिषाच्या मामाच्या गल्लीतला. मला म्हणला, जावई, उपाशी कसं जाता? त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी, तन्वीर, काय सांगू तुला!"

दुसरा उपाय रामेश्वरचा. परळीच्या त्या पोरीची बातमी त्यानं मुद्दाम काढून आणली आणि तालमीच्या मध्येच सोडली. तिचं लग्न होऊन तिला मुलगा झालाय, नवऱ्यानं मोठी गाडी घेतलीय. दोघं आदिनाथच्या तोंडाकडं बघत राहिले. आदिनाथचं तोंड उजळलं. "बारसं कवा हाय?" त्यानं तिथंच फोन लावला, अभिनंदन केलं आणि संध्याकाळी घरी जाऊन मनिषाला जोडून दिला. दोघी बायका अर्धा तास बोलल्या. मनिषानं तिला बाळाच्या पोटदुखीवर ओव्याचा शेक सांगितला.

शेवटी ऑगस्टच्या मध्यावर तन्वीरनं सरळच विषय काढला. "आदी, तुझं सुख बँडला गिळायलंय."

आदिनाथ ओशाळला. खोटं त्याला कधी बोलता आलं नव्हतं. "मला बी कळायलंय बे. वही घेऊन बसतो, मरण मरण म्हणतो, आन तेवढ्यात आतून फोडणीचा वास येतो." त्यानं मनापासून वचन दिलं की आपण प्रयत्न करू.

आणि त्यानं केला. दुसऱ्या दिवशी तो नांदूरघाटच्या ओढ्याकाठी स्मशानभूमीत जाऊन बसला. भर दुपार, पत्र्याचं शेड, समोर गार राख. वही उघडी ठेवून त्यानं दोन तास काढले. दीड वाजला तरी नवरा जेवायला आला नाही म्हणून मनिषा डबा घेऊन शोधत निघाली. कुणीतरी सांगितलं, आदिनाथ मसणवट्यात बसलाय. ती तिथं गेली. बाकावरच डबा उघडला, आणि दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. हसण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की घोळव्याच्या नव्या जोडप्याला कुणीतरी मूल होण्यासाठी उतारा सांगितलाय. मंगलबाईंनी सुनेला विचारलं, सुनेनं नवऱ्याला विचारलं, आणि आदिनाथनं सगळं सांगून टाकलं. दाखला, परळीची बातमी, पुण्याचा फोन, अंधार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मनिषा केजला आली आणि फळांच्या दुकानासमोर उभी राहिली. तन्वीर पपई मांडत होता.

"तन्वीरभाऊ, माझ्या नवऱ्याला रडवायला कावून बसलाव तुमी?"

तन्वीरच्या हातातली पपई निसटली. खाजामियाँनी एकदा पोराकडं, एकदा मनिषाकडं बघितलं आणि खुर्ची पुढं केली. पण मनिषाला ती खोली बघायची होती. तन्वीर तिला मागं घेऊन गेला. रामेश्वर तिथं गिटारच्या तारा बदलत बसला होता, तो उठून उभाच राहिला. तन्वीरनं खाली मान घालून सगळा गुन्हा कबूल केला. मनिषा ऐकत होती. तहसीलच्या डब्यापर्यंत आल्यावर तिला हसू आवरेना, ती क्रेटवर बसून पोट धरून हसली.

"म्हंजे दुःख पायजे तुमाला," डोळे पुसत ती म्हणाली. "आन नाचता यील असं पायजे. एवढंच ना? मग मला इचारायचं होतं."

"वहिनी, तुमाला?"

"कावून? मी धा वर्साची होईस्तोर दर साल फडावर होते. ऊसतोडीला. तवर साळंत दिवाळीपुरतं नाव." तिनं केळीच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, तन्वीरच्या कानावरचं पेन मागितलं आणि गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहायला लागली. मध्ये मध्ये स्वतःशी बोटांनी ताल धरत होती. पंधरा मिनिटांनी तिनं पुठ्ठा रामेश्वरच्या हातात दिला.

मायबापाचा मिळून एक कोयता,
मी कोण? मी कोण?
भाऊ जन्मला पाचटावरती,
सुइणी कोण? तर बैल दोन.
दवाखान्याला न्यायचं म्हणलं तर
मुकादमाचा लागंना फोन!

रामेश्वर मुकादमाचा पोरगा. तो वाचता वाचता कानापर्यंत लाल झाला. नवरा-बायकोच्या जोडीला फडावर एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा, आणि मोळ्या बांधणाऱ्या लेकरांना काहीच म्हणत नाहीत, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. ह्यावर गाणं होऊ शकतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"खाली बी हाय," मनिषा म्हणाली.

अर्ध्या कोयत्याला अर्धा जोडा,
नववीतून मैनाला घरी सोडा,
वाजवा, वाजवा, बँड वाजवा,
पोरीचं दप्तर उसात गाडा!

"मैना कोन?" तन्वीरनं विचारलं.

"होती एक. कोयता पुरा करायला लगीन लावलं तिचं," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती हसली नाही. मग लगेच म्हणाली, "चाल लावा की आता. मला साडेबाराची गाडी हाय."

साडेबाराची गाडी गेली, दोनचीही गेली. रामेश्वरनं तीन सूर धरले, तन्वीरनं ड्रमला हात घातला आणि त्या गाण्यानं त्यांना असं काही ओढून नेलं की खाजामियाँनी दार उघडून बघितलं आणि केळीचं नावही न काढता परत लावून घेतलं. तीनच्या सुमाराला बायकोला शोधत आदिनाथ आला. त्याला पुठ्ठा दाखवला. त्यानं दोन्ही कडवी मनात वाचली आणि माईक हातात घेतला. पण त्याच्या गळ्यात ते बसेना. 'मी कोण, मी कोण' हे तो असं म्हणत होता की जणू चुलीवरचा चहा मागतोय. तीनदा झालं, चारदा झालं.

तन्वीरच्या अंगात ताल भिनलेला. तो मागं न बघता म्हणाला, "आदी, तू जरा बाजूला हो. वहिनीला म्हणू दे."

आदिनाथ बाजूला झाला. मनिषानं म्हटलं. चिरका, खरखरीत, सरळ आवाज, शेतातून हाक मारल्यासारखा. गाणं पहिल्याच झटक्यात उभं राहिलं. रामेश्वर उड्या मारत होता. आदिनाथ दारापाशी माईकची वायर गुंडाळत उभा होता.

पुढच्या तालमीला तो आला नाही. पोट बिघडलंय असा निरोप पाठवला. त्याच्या पुढच्यालाही नाही. मनिषा एकटीच आली, आणि पहिल्या दिवशीसारखी बोलली नाही. "जेवायला बसतेत आन उठतेत," ती म्हणाली. "वही घेऊन माळवदावर जातेत."

ती गेल्यावर रामेश्वरनं तन्वीरच्या पाठीत थाप मारली. "झाला की बे दुःखी! आपुन दोन महिने हातपाय घासले, आन हे फुकटात झालं. आता दुसरं गाणं लिहून घे त्याच्याकून. सप्टेंबर तोंडावर आलाय."

तन्वीरला आनंद व्हायला हवा होता. रात्रंदिवस हेच तर मागितलं होतं. पण तो झाला नाही. 'बाजूला हो' हे आपलेच शब्द त्याला दिवसभर गिऱ्हाइकांच्या बोलण्यात ऐकू येत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं बापाला दुकानावर बसवलं, पिशवीत सीताफळं भरली आणि मोटारसायकल काढून नांदूरघाट गाठलं.

आदिनाथ माळवदावर पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसला होता. दाढी वाढलेली. वही बंद.

"माझं चुकलं," तन्वीर म्हणाला. "तसं बोलायला नको होतं. बँड तुझा हाय."

"ते न्हाई बे," आदिनाथ म्हणाला. तो सीताफळाचे डोळे नखानं मोजत होता. "नऊ वर्सं मी मरणाची गाणी लिहिली. लोक म्हणायचे, किती अंधार, किती अंधार. काय होतं मला? दाढ दुखायली होती."

तन्वीरला हसू आलं, त्यानं ते दाबलं.

"हस की. खरं हाय ते. आन ही माझ्यासंग तीन महिने हसायली, माझ्या ताटात वाढायली. मैना कोन, मला म्हाईत न्हाई. तिचा भाऊ पाचटावर जन्मला, त्यो माझा मेव्हणा हाय, माझ्या लग्नात त्यानं माझा कान पिळला, आन मला म्हाईत न्हाई. तिनं केळीच्या पुठ्ठ्याला सांगितलं. मला न्हाई."

जिन्यावर पावलं वाजली. मनिषा चहा घेऊन वर आली होती, आणि शेवटचं तिनं ऐकलं होतं. कप तिनं टाकीवर ठेवले.

"तुमी कवा इचारलं?" ती म्हणाली.

आदिनाथनं हातातलं सीताफळ खाली ठेवलं.

"तुमी रोज सांगायचाव, आज मी किती खूश हाय. मी म्हणलं, एवढा खूश माणूस हाय, ह्याला कशाला उगी फडावर न्यायचं? राहू द्या की घरी." एवढं बोलून तिला हसू आलं, आणि मग ते हसू वाकडं झालं आणि ती पदर तोंडाला लावून रडली. आदिनाथ उठला. तन्वीर कुठं बघावं ते न कळून सगळे तिन्ही कप स्वतःच पिऊन टाकत होता.

खाली येताना आदिनाथनं त्याला जिन्यात थांबवलं. "गाणं तीच म्हणंल," तो म्हणाला. "पण त्या 'मी कोण'च्या मागं कुणी तरी ओरडायला पायजे. ते मी वरडतो."

आणि ओरडण्यात आदिनाथ नऊ वर्षांच्या गाण्यापेक्षा बरा निघाला. मनिषा 'मी कोण' म्हणायची आणि मागून तो असा काही 'कोण?' म्हणायचा की केळीची खोली दणाणायची. दुसरं गाणं दोघांनी मिळून लिहिलं. शब्द तिचे, आणि कुठं थांबायचं ते त्याचं.

रेकॉर्डिंगसाठी माणसांसमोर कार्यक्रम हवा होता. दसऱ्याला अजून अवकाश होता, पण सुंदरराव मुकादम टोळीची माणसं पक्की करत होते. त्यांनी रविवारी दुपारी नांदूरघाटच्या बाजारतळावर सगळ्यांना जेवण ठेवलं होतं. रामेश्वरनं बापाला सांगितलं, जेवणानंतर आमचा कार्यक्रम ठेवू. सुंदररावांनी बँडचं नाव तेवढं घ्यायचं नाही, ह्या अटीवर होकार दिला. जेवणावळीत तेरवीचं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ड्रम चढवले. समोर अडीचशे माणसं, निम्म्या बायका. सुंदरराव पुढच्या खुर्चीत, पांढऱ्या कपड्यांत. पहिल्या ओळीला माणसं नुसती बघत राहिली. 'सुइणी कोण? तर बैल दोन' ह्याला बायकांत खसखस पिकली. आणि 'मुकादमाचा लागंना फोन' आलं तशी सगळ्या बाजारतळाची नजर त्या पांढऱ्या कपड्यांकडं वळली.

सुंदरराव उठून उभे राहिले. रामेश्वरची बोटं घसरली. "लागतो की!" सुंदरराव खिशातून फोन काढून ओरडले. "कोन म्हणतं लागत न्हाई? हे बगा, चालू हाय!"

मागून कुणा बाईनं खरंच लावला. वाजला. मग दुसरीनं लावला, तिसरीनं लावला. फोन वाजतच राहिला, सुंदरराव तो बंद करायला बटणं दाबत राहिले, आणि अख्खा बाजारतळ टाळ्या पिटत 'लागंना फोन' म्हणायला लागला. तन्वीरला इतकं हसू येत होतं की ताल धरवेना.

दुसऱ्या कडव्याला मात्र हसू ओसरलं. 'नववीतून मैनाला घरी सोडा' म्हणताना मनिषाचा आवाज मोठा झाला नाही की बारीक झाला नाही. पुढं बसलेल्या बायकांनी टाळ्या थांबवल्या. पोरीचं दप्तर उसात गाडलं गेलं आणि आदिनाथ मागून 'कोण?' म्हणून ओरडला, तेव्हा सुंदररावांचा फोनसुद्धा गप्प होता. मग बायनाबाई नावाची एक म्हातारी उठली, ट्रॉलीपाशी आली आणि मनिषाचा पाय धरून हलवला. "परत म्हन," ती म्हणाली. त्यांनी परत म्हटलं.

संध्याकाळी सुंदररावांनी रामेश्वरला बाजूला घेतलं. गाणं चांगलं आहे, ते फोनाचं तेवढं काढा, असं त्यांनी सांगितलं. रामेश्वर आयुष्यात बापाला नाही म्हणाला नव्हता. "ते न्हाई निघत, आप्पा," तो म्हणाला. "चालच तिथं हाय." सुंदररावांनी त्याच्याकडं बघितलं, पण दसऱ्यानंतर ट्रॅक्टर चालवायला माणूस हवाच होता. त्या सालापासून त्यांनी एक दुसरा फोन घेतला आणि त्याचा नंबर टोळीतल्या बायकांना दिला, एवढं मात्र खरं.

पुण्याहून आठ दिवसांत उत्तर आलं. गाणी पसंत आहेत. आणि मध्ये जो फोन वाजतो तो कुणी सुचवला, फारच वेगळा प्रयोग आहे, असं आयोजकांनी विचारलं होतं.

डिसेंबरात रामेश्वर फडावर होता. म्हणून त्याच्याकडून शिकून घेतलेले तीन सूर आदिनाथनं एकट्यानं गिटारवर वाजवले, मनिषा गायली, तन्वीरनं ड्रम वाजवले, आणि पुण्याच्या पोरांनी उड्या मारून मैदानाची धूळ उडवली. बक्षीस मिळालं नाही. पण पुढच्या तीन कार्यक्रमांची बोलणी झाली आणि तन्वीरनं दुकानात बँडचा फोटो लावला. खाजामियाँ तो गिऱ्हाइकांना दाखवायचे आणि सांगायचे की ही पोरं माझ्याच केळीच्या खोलीत पिकली.

परतताना एसटीत आदिनाथनं मनिषाला विचारलं, "मैना आता कुठं हाय?"

"पाटोद्याकडं दिली तिला. आता फडावर आसंल. कुठल्या, म्हाईत न्हाई. मी लगीन झाल्यापासून बोललेच न्हाई तिच्याशी."

आदिनाथनं रामेश्वरला फोन लावला. रामेश्वरनं मुकादमांच्या ओळखीतून शोध लावायला बारा दिवस घेतले. एका रविवारी सकाळी सगळे केळीच्या खोलीत असताना त्याचा फोन आला. मैनाचा कोयता त्याच्यापासून वीस किलोमीटरवर, कऱ्हाडच्या बाजूला निघाला होता, आणि तो ट्रॅक्टर घेऊन तिथंच उभा होता. तन्वीरनं फोन क्रेटवर ठेवून स्पीकर चालू केला.

"मने!" पलीकडून आवाज आला. "तू माझं नाव गान्यात घातलंस म्हणं?"

"घातलं," मनिषा म्हणाली. तिचा हात आदिनाथच्या हातात होता.

"ह्या पोरानं ऐकिवलं मला. मग मला साडी पायजे." दोघी हसल्या. मागं ट्रॅक्टर धडधडत होता. "आन चुकलीस तू. नववी कुठली? नववीचं तोंड कुठं बघितलं मी? आठवीतून काढलं मला, दिवाळीच्या आदी."

आदिनाथनं तन्वीरच्या कानावरचं पेन काढलं, भिंतीवर लावलेल्या पुठ्ठ्यावर नववी खोडली आणि आठवी लिहिली. ओठांतल्या ओठांत त्यानं ओळ म्हणून बघितली. चालीत बसत होती.

"लिहिलं," तो फोनजवळ जाऊन म्हणाला.

"ह्यो कोन?" मैनानं विचारलं.

"नवरा हाय माझा," मनिषा म्हणाली. "मागून वरडायला असतो."

"मग म्हना की आता. मोळ्या भरायच्या हायेत मला, येळ न्हाई."

तन्वीरनं काड्या उचलल्या.